बाबी परब आणि काथ्याचं पायपुसणं

आमच्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी साडेसहाला बाबी परब काथ्याचं एक पायपुसणं अंथरतो, त्यावर नसलेला बॉल ठेवतो आणि गोल्फ खेळतो.

ठेवतो म्हणजे खरोखर ठेवतो. खिशात हात घालून चिमटीत काहीतरी धरतो, वाकून ते पायपुसण्यावर ठेवतो आणि चार पावलं मागे जातो. परत येताना मात्र चिखलातून चालणाऱ्या बगळ्यासारखा येतो. गुडघा पोटापर्यंत उचलायचा, पाऊल हवेत थांबवायचं, खाली नीट बघायचं आणि मगच टेकवायचं. नसलेल्या बॉलला पाय लागू नये म्हणून एवढी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गच्चीवर चालायला येणारी मंडळी तोंडावर रुमाल धरून हसतात. मीही हसायचो. ते पाऊल तसं का पडतं हे कळल्यापासून हसत नाही.

बाबीच्या हातात असते ती काठी म्हणजे 'तीन नंबर'. गोल्फमध्ये लांबचा बॉल गवतावरून थेट मारायला जी काठी घेतात तिला इंग्रजीत लाकूड म्हणतात. तिचं डोकं मात्र लोखंडाचं असतं. "असं कसं रे?" असं मी एकदा विचारलं. बाबी म्हणाला, "आपल्या सात मजली बिल्डिंगीक लोक अजून चाळ म्हणतत ना? तसाच."

मुलुंडला जुनी चाळ पाडून ही इमारत उभी राहिली. बाबी जुना भाडेकरू, म्हणून त्याला पहिल्या मजल्यावर जागा मिळाली. मी निवृत्तीनंतर चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान चढवताना लिफ्टच्या दाराशी एक सडपातळ, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. त्याने मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "काय ऑफिस? हडे खंय?" म्हणजे, इकडे कुठे?

माझ्या हातातली कुंडी खाली पडली.

मला 'ऑफिस' म्हणणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याच्यापासून मी तीस वर्षं लांब राहिलो होतो.

आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पूर्व उपनगरातल्या एका गोल्फ क्लबात मी कॅडी मास्टर होतो. मेंबरांच्या पिशव्या उचलणाऱ्या कॅडींच्या पाळ्या लावायच्या, हजेरी घ्यायची, भांडणं सोडवायची, असं ते काम. बाबी त्या कॅडींमधला सगळ्यात चांगला खेळाडू, माझ्या हजेरीच्या टेबलावरून मला 'ऑफिस' म्हणणारा. सोमवारी क्लब मेंबरांसाठी बंद असायचा, त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा होती. वर्षातून एकदा त्यांची स्पर्धा व्हायची. त्या वर्षी कमिटीने ठरवलं की जिंकेल त्याला सहायक कोच करायचं. पिशवी खाली ठेवायची आणि शिकवायला उभं राहायचं. कॅडीच्या आयुष्यात याहून मोठी उडी नव्हती.

शेवटच्या होलला बाबी एका फटक्याने पुढे होता. मी मार्कर, म्हणजे कार्ड घेऊन बरोबर चालणारा आणि फटके लिहिणारा माणूस. बाबीचा बॉल डावीकडच्या उंच गवतात गेला. आम्ही दोघंही पाय ओढत शोधत होतो. मी कार्डाकडे बघत चाललो असताना बुटाला काहीतरी लागलं. बॉल होता. एका खळग्यातून उडी मारून तो वीतभर पुढे, छान सपाट गवतावर जाऊन बसला. बाबी तीन पावलांवर होता, पाठ माझ्याकडे.

मी म्हणालो, "बाबी, इथे आहे बघ."

एवढंच म्हणालो.

बाबीने तीन नंबर काढला, नाल्यावरून बॉल थेट झेंड्यापाशी नेला आणि जिंकला. मग समोरचा खेळाडू कमिटीकडे गेला. त्याने बॉल खळग्यात पडताना पाहिला होता. सपाटीवर कसा आला? बाबीला बोलावलं. बाबी म्हणाला, "मी सरकवलंय नाय. पण गवतात पाय ओढीत होतंय. लागलो आसात, तर माका कळाक नाय." मग सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही मार्कर. तुम्ही काय पाहिलंत?"

माझी आधीची कंपनी बंद पडलेली. इथे लागून चार महिने झालेले. कायम व्हायचो होतो. दोन मुलं शाळेत. ही कारणं मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलो, आता तुम्हाला सांगतो. मार्करचा पाय लागला तर खेळाडूला दंड नसतो, बॉल परत जागेवर ठेवून मगच फटका मारायचा, हा नियम मला पाठ होता. तरीही मी म्हणालो, "मी कार्ड लिहीत होतो."

बाबीचं कार्ड रद्द झालं. कोच दुसरा झाला. 'बॉल सरकवणारा' हे नाव मात्र बाबीला चिकटलं, आणि कॅडीला याहून वाईट नाव नाही, कारण मेंबर त्याच्या भरवशावर बॉल सोडून पुढे जातो. महिन्याभरात बाबीने क्लब सोडला आणि साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये जिन्याचे कठडे वाकवायला लागला.

आणि आता तोच माणूस लिफ्टच्या दाराशी उभा राहून माझी फुटलेली कुंडी गोळा करत होता.

पहिलं वर्ष मी जिन्याने चढलो. गुडघ्यांची वाट लागली, पण लिफ्टमध्ये बाबी नको. मग एका सकाळी ठरवलं, जायचं आणि सांगून टाकायचं. गच्चीवर गेलो. तोंड उघडणार, तेवढ्यात बाबीने माझ्या हातात तीन नंबर दिला.

"धर."

"बाबी, मला जरा बोलायचं—"

"आधी धर. गळो दाबू नको तिचो. गरम भाकरी कशी धरतस? पडूकय नये, भाजूकय नये. तशी."

त्या दिवशी मी भाकरी धरायला शिकलो आणि खाली आलो. सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. अशी चार महिने शिकवणी चालली. रोज सकाळी मी गुन्हा कबूल करायला वर जायचो आणि धडा घेऊन खाली यायचो.

पायपुसण्याचं शास्त्र असं. तीन नंबरने बॉल उचलायचा नसतो, गवतासकट झाडून न्यायचा असतो. काठी पायपुसण्याला घासून गेली की 'सर्र' आवाज येतो. तो बरोबर. वरून आपटली की 'ठक'. ते पाप. बाबीचा प्रत्येक फटका सर्र. माझा प्रत्येक ठक. गच्चीखाली सातव्या मजल्यावर देसाई काकू राहतात. त्या खिडकीतून ओरडायच्या, "परब, आज तो शिकाऊ आलाय का हो? माझ्या देवघरातली घंटा हलतेय!"

"नारळ फोडतस तू!" बाबी मला म्हणायचा. "नारळवाल्याक सोभता तां. हडे झाडू मार, झाडू. कुणाकडसून शिकतलंस? ती बघ खाली."

खाली सुमनबाई आवार झाडत असायची. बाबी कठड्यावरून तिच्याकडे एखाद्या चॅम्पियनकडे बघावं तसं बघायचा. "कंबर आधी फिरता, हात मागसून येतत. घाई नाय. खराटो जमिनीक सोडीत नाय. तेका म्हणतत स्विंग." एकदा त्याने तिला हे तोंडावर सांगितलं. सुमनबाई म्हणाली, "बाबा, येवढं आवडतंय तर तुम्हीच झाडा की," आणि खराटा त्याच्या हातात देऊन चहाला गेली. बाबीने अख्खं आवार झाडलं. डाव्या बाजूने एकदा, उजव्या बाजूने एकदा.

"आणि बॉल उचलूक जातस तो नाद सोड," हे त्याचं दुसरं ब्रीद. "बॉलाक वर तू न्हेऊचो नाय. तू झाड. तो आपसूक उठता." लिफ्ट बंद पडली, मुलाचं लग्न जमेना, पाणी आलं नाही, कोणीही काहीही गाऱ्हाणं घेऊन आलं तरी बाबीचं हेच. "तू झाड. तां आपसूक उठता." सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा विचारलं, "परब, पाण्याचा पंप आपसूक उठेल का?" बाबी म्हणाला, "नाय. तेका प्लंबर होयो."

माझी खोड निराळी होती. सगळं जमत आलं तरी काठी पायपुसण्याला लागायच्या क्षणी माझी नजर दुसरीकडे जायची. बाबीच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं.

"अगदी शेवटाक नजर काढतस. कित्याक? बॉल थंयच आसा, तू भायर बघतस."

"सवय आहे रे."

"कधीची?"

मला वाटलं, याला ठाऊक आहे. चार महिने हा मला शिकवत नाही, वाट बघतोय. भाकरी, खराटा, सर्र, ठक, सगळा सापळा आहे, मी स्वतःहून कधी बोलतो ते बघायचा. खरं सांगतो, त्या दिवसांत मला झोप नव्हती. तरी मी त्याला एक प्रश्न विचारला. "बाबी, तू खरा बॉल का नाही ठेवत? हलका प्लास्टिकचा मिळतो हल्ली."

बाबी पायपुसणं गुंडाळत होता. म्हणाला, "बॉल इलो की माणसाचो भरवसो नाय." आणि खाली गेला. हे माझ्यासाठीच होतं, दुसरं कोणासाठी असणार?

मग तो फोन आला.

हायवेपलीकडे एक नवी रेंज सुरू झाली आहे. मैदान नाही, मोठी जाळी लावून नुसते बॉल मारायची सोय. बाबी आणि त्याची बायको, कमलवहिनी, संध्याकाळी फिरत तिथवर जात. एकदा एक गृहस्थ तीन नंबरने आपटून आपटून घामाघूम झालेले. बाबीला राहवेना. जाळीबाहेरूनच ओरडला, "ओ शेठ, नारळ फोडू नका! झाडू मारा!" गृहस्थ चिडले, पण पुढचा फटका झाडूसारखा मारला आणि बॉल उठला. मॅनेजर धावत बाहेर आला. बाबीला म्हणाला, "अंकल, शनिवार-रविवार सकाळी शिकवायला याल?"

बाबीने त्याला उत्तर काय दिलं असेल? "माझ्यार एक डाग आसा. आधी जुन्या क्लबात इचारून घे, मग बोलव."

मॅनेजरने विचारलं. क्लबातून कोणीतरी माझा नंबर दिला.

"टिपणीस सर, परब अंकल बॉल सरकवण्यावरून गेले असं ऐकलं. खरं का?"

"फार चांगला माणूस आहे तो," मी म्हणालो.

"ते दिसतंच सर. पण इथे मुलं येणार, पालक चौकशा करणार. त्या दिवशी मार्कर तुम्हीच होता म्हणे. झालं काय होतं?"

तीस वर्षांपूर्वीचाच प्रश्न. फक्त विचारणारा पंचविशीचा होता आणि मला 'सर' म्हणत होता.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला गच्चीवर गेलो. बाबीने काठी पुढे केली. मी घेतली नाही.

"बाबी, त्या दिवशी माझा पाय लागला होता."

"खंय?"

"शेवटच्या होलला. तू पाठमोरा होतास. माझ्या बुटाने बॉल खळग्यातून बाहेर आला. मी पाहिला. कमिटीसमोर गप्प बसलो. नोकरी जाईल म्हणून."

त्याने तीन नंबर टेकवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. खाली सुमनबाईचा खराटा चालला होता. तो मारेल, शिव्या देईल, थुंकेल, सगळ्याची मी तयारी करून आलो होतो. 'माका म्हायती होता' असं म्हणेल, याची तर खात्रीच होती.

तो म्हणाला, "तुझो पाय?"

"माझा."

"तुझो? नक्की?"

"बाबी, मी पाहिलंय रे डोळ्यांनी."

तो कठड्यापाशी जाऊन खाली बसला. बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. चपला काढल्या, पुन्हा घातल्या.

"तीस वर्षां माका वाटला, माझोच लागलो," तो म्हणाला. "मुद्दाम नाय. पण लागलो. मी म्हटलंय, आपल्या पायाक काय झाला तां आपणाक कळना नाय, तर आपण खेळूचा कित्याक? लोकांची पोरां शिकवूची कित्याक?"

तेव्हा मला ते बगळ्याचं पाऊल कळलं. तो कुणाला हसवत नव्हता. तीस वर्षं रोज सकाळी तो माणूस आपल्याच पायावर पहारा देत होता. आणि मी चार महिने समजत होतो की पहारा माझ्यावर आहे.

"मार मला," मी म्हणालो.

"गप. तुका मारून काय व्हतला? नजर काढशील." तो उठला. पायपुसणं गुंडाळलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. "चल खाली. माका सांगितलंस तां कमलाक सांग."

कमलवहिनींना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन घेतलं आहे, पण ते त्या लग्नाकार्यालाच घालतात. स्वयंपाकघरात पोळपाटापाशी बसल्या होत्या.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी माझा पाय लागला होता."

"लागला? खंय लागला? हळद देऊ?"

"तसा नाही! बॉलला! बाबीच्या बॉलला!"

"मोठ्यान बोला, भावजी."

बाबी दाराला टेकून उभा होता. त्याने मदत केली नाही. मी छातीत हवा भरली आणि आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतक्या मोठ्याने ओरडलो. "स्पर्धेत बाबीने बॉल सरकवला नव्हता! माझा पाय लागला होता! मी खोटं बोललो!"

जिन्यात पावलं थांबली. खाली खराटा थांबला. वर कुठेतरी खिडकी उघडली आणि देसाई काकूंचा आवाज आला, "कोण खोटं बोललं?"

"मी!" मी ओरडलो. "टिपणीस! चौथा मजला!"

कमलवहिनींनी लाटणं खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं. "मी तुमका पयल्या दिवसापासून सांगतंय," त्या म्हणाल्या. "ह्या पायांबरोबर मी लग्नात सात पावलां चाललंय. माका म्हायती ते कशे पडतत. तुमी ऐकलात नाय." मग मला म्हणाल्या, "बसा. चाय घेतल्याशिवाय जाव नका. आणि त्या रेंजवाल्याक आत्ता हडेच फोन लावा. माझ्यासमोर."

फोन लावला. सगळं सांगितलं. वहिनींना ऐकू यावं म्हणून तेही ओरडूनच सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "ओके सर, ओके, पण तुम्ही ओरडताय का?"

जुन्या क्लबालाही पत्र पाठवलं आहे. उत्तर नाही. तेव्हाच्या कमिटीतलं कोणी उरलंय की नाही, कल्पना नाही. म्हणून हे इथे लिहून ठेवतो. बाबीला आधी विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण स्विंग नीट लिही. लोक वाचून नारळ फोडूक लागतले."

त्या फोननंतर तीन दिवस बाबी गच्चीवर आला नाही. मी एकटाच जाऊन पायपुसण्याविना उभा राहायचो. चौथ्या दिवशी, शनिवारी, त्याने माझी बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला तीन नंबर, मागे कमलवहिनी, कानात मशीन.

"चल ऑफिस. कार्ड नको घेव."

रेंजवर मॅनेजरने बॉलची टोपली आणून ठेवली. आठ-दहा मुलं, त्यांचे आईबाप, सगळे मागे उभे. बाबीने टोपलीतून एक बॉल उचलला. हातात फिरवला. वाकून मॅटवर ठेवला, चार पावलं मागे गेला, आणि बगळ्यासारखा गुडघे उचलत पुढे आला. एक मुलगी खुदकन हसली. बाबी उभा राहिला. भाकरी धरली. आणि थांबला.

काठी हलेना. मला त्याच्या मनगटाची शीर दिसत होती.

"ऑफिस," तो वळून न बघता म्हणाला.

"काय?"

"बॉल खंय आसा?"

मी पुढे झालो. पाय जपून टाकत गेलो, वाकलो, गुडघा कडकडला. "डाव्या टाचेच्या आत," मी म्हणालो. "दोन बोटं. ठेवलास तिथेच आहे."

"कोणाचो पाय?"

"कोणाचा नाही. मी बघतोय."

मी बाजूला सरलो. त्याची कंबर फिरली, हात मागून आले.

सर्र.

मागे सगळे एकदम ओरडले. कमलवहिनी कानातलं मशीन सावरत विचारत होत्या, "खंय गेलो? भावजी, खंय गेलो?"

मला सांगता आलं नाही. बॉल जिथे होता, मी अजून तिथेच बघत होतो.